वेदनेचा पुरावा मागणारे कोण? थर्मामीटरपासून मेंदूच्या स्कॅनपर्यंत

गेल्या काही महिन्यांपासून आपल्या व्हॉट्सअॅप गटांवर एक पोस्ट फिरते आहे. मेंदूचे चित्र, त्यात लाल-पिवळे ठिपके आणि खाली मजकूर : अपमान झाल्यावर मेंदूतली तीच जागा पेटते, जी जखम झाल्यावर पेटते; म्हणजे जातीचा अपमान ही जखमच आहे, हे आता विज्ञानाने सिद्ध केले. आम्हीही ती पोस्ट पुढे पाठवली. एका रविवारी अभ्यासवर्गात वाचूनही दाखवली. तेव्हा मागे बसलेल्या एका मुलीने विचारले, "म्हणजे हा फोटो निघेपर्यंत आपल्या आजीला दुखत नव्हतं का?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. घरी आल्यावर आम्ही वाचायला बसलो. त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर शोधताना जे हाती लागले, ते मांडण्यासाठी हा लेख.

आमचे म्हणणे सुरुवातीलाच सांगतो. विज्ञानाला आमचा विरोध नाही. बाबासाहेबांच्या अनुयायाने विज्ञानाला पाठ दाखवावी असे काही कारणच नाही. परंतु वेदना मोजण्याचा इतिहास नीट वाचला की एक गोष्ट लख्ख दिसते. ज्यांच्या शब्दावर विश्वास ठेवायचाच नव्हता, त्यांच्याकडूनच वेदनेचा पुरावा मागितला गेला. आणि पुरावा हाती आल्यावरही समोरच्याची वागणूक आपोआप बदलली नाही. म्हणून मेंदूच्या स्कॅनचे स्वागत करताना आपली साक्ष त्या यंत्राकडे गहाण टाकू नये, एवढेच आम्हाला सांगायचे आहे.

काठेवाडचा थर्मामीटर

बाबासाहेबांचे 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे छोटे आत्मकथनपर लिखाण आपल्यापैकी बहुतेकांनी वाचले असेल. त्यात त्यांनी स्वतःच्या अनुभवांसोबत इतरांचेही काही प्रसंग दिले आहेत. एक प्रसंग काठेवाडातील एका अस्पृश्य शिक्षकाचा आहे. त्याचे पत्र १९२९ साली 'यंग इंडिया'त छापून आले होते. त्याची बायको बाळंत झाली आणि दोन दिवसांत आजारी पडली. डॉक्टर यायला तयार होईना. गावातल्या वजनदार माणसांनी रदबदली केल्यावर तो आला, पण एका अटीवर : वस्तीत पाऊल टाकणार नाही. बाळंतिणीला वस्तीबाहेर आणावे लागले. मग त्या डॉक्टरने थर्मामीटर काढला, एका मुसलमान माणसाच्या हातात दिला, त्याने तो नवऱ्याला दिला, नवऱ्याने बायकोला लावला. त्याच वाटेने तो परत गेला. डॉक्टरने दिव्याच्या उजेडात पारा पाहिला, न्यूमोनिया आहे असे सांगितले आणि निघून गेला. औषध पाठवले, पण पुन्हा तपासायला आला नाही. बाई गेली.

हा प्रसंग आपण अस्पृश्यतेचा दाखला म्हणून सांगतो. तो आहेच. पण या वेळी वाचताना आमचे लक्ष थर्मामीटरवर थांबले. थर्मामीटर खोटे बोलला नाही. ब्राह्मणाच्या अंगातला ताप आणि अस्पृश्य बाईच्या अंगातला ताप त्याने सारखाच मोजला असता. मोजमाप बरोबर होते, निदानही झाले. तरी बाई मेली, कारण मोजणारा माणूस तिच्याजवळ जायला तयार नव्हता.

वेदना मोजणाऱ्या प्रत्येक यंत्राविषयी बोलताना हा थर्मामीटर डोळ्यांसमोर ठेवावा, अशी आमची विनंती आहे.

'यांची कातडी जाड असते'

आता अमेरिकेकडे वळू. वेदना मोजण्याचा हा इतिहास मुख्यतः तिथेच घडला. शिवाय आपल्या चळवळीला तो देश परका नाही. जोतीराव फुल्यांनी १८७३ सालची 'गुलामगिरी' अमेरिकेतील त्या सज्जनांना अर्पण केली, ज्यांनी काळ्या लोकांच्या दास्यमुक्तीसाठी झीज सोसली. बाबासाहेब न्यूयॉर्कमध्ये शिकले आणि १९४६ साली त्यांनी काळ्या लोकांचे नेते डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले. एकमेकांच्या इतिहासातून शिकण्याची परंपरा आपली जुनी आहे.

१७८७ साली बेंजामिन मोझली नावाच्या इंग्रज डॉक्टरने उष्ण प्रदेशांतील रोगांवर पुस्तक लिहिले. गोऱ्या माणसाला जी वेदना असह्य होईल, तिची काळ्या माणसाला फारशी पर्वाही नसते, असे त्याने त्यात लिहून ठेवले. १८५१ साली लुईझियानातील सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने तर एक नवा रोगच शोधला. गुलाम कामात ढिलाई करतात आणि फटके मारले तरी त्यांना फारसे लागत नाही, याचे कारण म्हणजे त्यांची कातडी बधिर करणारा आजार, असे त्याचे म्हणणे. त्यावर उपाय? अंगाला तेल लावायचे, ते रुंद चामडी पट्ट्याने मारून जिरवायचे आणि उन्हात कष्टाच्या कामाला जुंपायचे. फटक्यांवर उपचार म्हणून फटकेच! वैद्यकशास्त्राच्या भाषेत लिहिलेली ही मनुस्मृतीच म्हणायची.

याच सुमारास, १८४५ ते १८४९ या काळात, अलाबामा राज्यातील माँटगोमेरी येथे जे. मॅरियन सिम्स हा शल्यचिकित्सक गुलाम स्त्रियांवर शस्त्रक्रियांचे प्रयोग करत होता. बाळंतपणात झालेली अंतर्गत इजा दुरुस्त करण्याची शस्त्रक्रिया त्याला बसवायची होती. अनार्का, लूसी आणि बेट्सी ही त्यांतली तीन नावे आपल्यापर्यंत पोचली. अनार्कावर तीस वेळा शस्त्रक्रिया झाली. भूल न देता. ईथरचे जाहीर प्रात्यक्षिक बॉस्टनमध्ये ऑक्टोबर १८४६ मध्ये झाले होते. सुरुवातीला बऱ्याच डॉक्टरांना त्याची भीती वाटत होती हे खरे. पण सिम्सचे समर्थन वेगळेच होते. ही शस्त्रक्रिया भूल द्यावी इतकी वेदनेची नाही, असे तो पुढेही सांगत राहिला. आणि त्याच सिम्सने आत्मचरित्रात लूसीविषयी काय लिहिले? तिच्या यातना टोकाच्या होत्या, ती मरते की काय असे वाटले, असे.

म्हणजे त्याला वेदना दिसत नव्हती असे नाही. दिसली, कळली, लिहूनही ठेवली. तरी शस्त्रक्रिया चालू राहिली. संमती विचारायची ती मालकाला. या सिम्सचा पुतळा न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कच्या कडेला एप्रिल २०१८ पर्यंत उभा होता. लोकांनी अनेक वर्षे आवाज उठवल्यावर तो हलवला गेला.

याच काळातली दुसरी बाजूही पाहा. जॉर्जियातून निसटलेल्या जॉन ब्राउन नावाच्या गुलामाने १८५५ साली लंडनमध्ये आपली कहाणी प्रसिद्ध केली. एका डॉक्टरने त्याला मालकाकडून मागून घेतले, तापवलेल्या खड्ड्यात फक्त डोके बाहेर ठेवून बसवले आणि उन्हाच्या झटक्यावरची औषधे तपासली. काळी कातडी किती खोल जाते हे पाहण्यासाठी त्याच्या अंगावर फोडही आणले. हे सगळे ब्राउनने स्वतःच्या तोंडाने सांगितले.

आणि त्याच १८५५ साली आपल्या पुण्यात काय घडत होते? सावित्रीबाई आणि जोतीरावांच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवे या मांग समाजातील किशोरवयीन मुलीचा 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध 'ज्ञानोदया'त छापून आला. त्यात ती आपल्या स्त्रियांच्या बाळंतपणाविषयी लिहिते. घरावर छप्पर नाही, थंडी, वारा, पाऊस अंगावर, रोग झाला तर औषधाला पैसा नाही. हे दुःख किती असेल याचा अंदाज वाचणाऱ्याने स्वतःच्या अनुभवावरून बांधावा, असे ती सांगते. एवढेच तिचे मोजमाप. तू माणूस आहेस, मीही माणूस आहे, तेव्हा तुला कळायला हवे. पेशवाईच्या सावलीत वाढलेल्या पुण्यातल्या वाचकाला ते कळले नाही, असे आम्ही मानत नाही. कळून घ्यायचे नव्हते.

'डोल' नावाचे एकक

वेदना आकड्यात पकडण्याचा मोठा प्रयत्न १९४० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये झाला. हार्डी, वुल्फ आणि गुडेल या तिघांनी एक उपकरण बनवले. कपाळाला काळी शाई लावायची आणि दिव्याची उष्णता भिंगातून तिथे पाडायची. कुठे चटका जाणवू लागतो, कुठे सहन होत नाही, हे टिपायचे. त्यावरून त्यांनी 'डोल' हे वेदनेचे एकक ठरवले. किलो, मीटर, तसे डोल. प्रसूतीच्या कळा देणाऱ्या स्त्रियांच्या हाताला दोन कळांच्या मधल्या वेळेत चटका देऊन, तुझी कळ याच्याएवढी होती का, असेही त्यांनी विचारून पाहिले. बाळंतिणीला आणखी चटके! पण नीट पाहिले तर इथेही शेवटी विचारावेच लागले. उष्णता यंत्राने मोजली, वेदना त्या बाईनेच सांगितली.

डोल फार काळ टिकले नाही. हेन्री बीचर हा अमेरिकी डॉक्टर दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर होता. गंभीर जखमी झालेल्या सैनिकांना त्याने विचारले, दुखणे थांबवणारे औषध हवे का? बहुसंख्य नको म्हणाले. हीच जखम साध्या नागरिकाला झाली तर तो औषध मागतो. सैनिकाला मात्र ती जखम म्हणजे जिवंत घरी जाण्याचे तिकीट वाटत होती. १९४६ साली बीचरने हे प्रसिद्ध केले. जखम केवढी आहे यावरून वेदना केवढी आहे हे ठरत नाही. ती जखम माणसाच्या आयुष्यात काय अर्थ घेऊन येते, यावरही ते ठरते.

१९६५ साली मेल्झॅक आणि वॉल यांनी याचे शास्त्र मांडले. शरीराकडून मेंदूकडे जाणाऱ्या संदेशांना मज्जारज्जूत एक प्रकारचे फाटक असते, आणि मेंदूकडून, म्हणजे भीतीतून, लक्षातून, आठवणीतून आलेले संदेश ते फाटक कमी-जास्त उघडू शकतात, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे १९७५ साली मेल्झॅकने वेदनेची एक प्रश्नावली बनवली. तिच्यात होते तरी काय? शब्द. रुग्ण जे शब्द वापरतात ते गोळा करून, त्यांचे गट पाडून, त्याने डॉक्टरांच्या हाती दिले. चटक्यांनी जे साधले नाही, ते माणसाचे बोलणे ऐकून बरेचसे साधले.

आपल्या बायांकडे तर असे शब्द भरपूर आहेत. ठणकतं, सलतं, चुरचुरतं, भगभगतं, कळ मारते, चमक निघते, आतून ओढल्यासारखं होतं. आमच्या गटातल्या एका कार्यकर्त्याची आई सफाई कामगार. खांदा धरल्यामुळे ती एका सरकारी दवाखान्यात गेली. रात्री ठणका लागतो, ढकलगाडी ओढताना चमक निघते, वेणी घालायला हात वर जात नाही, असे तिने तिन्ही गोष्टी नीट सांगितल्या. केसपेपरवर दोनच शब्द आले : शोल्डर पेन. वर ऐकायला मिळाले, "कामाचं दुखणं आहे, तुम्हाला सवय असते." सवय असते! कार्टराइटचा पट्टा नाही, पण विचार त्याच घराण्यातला.

स्कॅनमध्ये नेमके काय दिसते?

आता त्या लाल-पिवळ्या चित्राकडे येऊ. आपल्यापैकी अनेकांना वाटते की ते वेदनेचे छायाचित्र आहे. तसे ते नाही. मेंदूचा एखादा भाग जास्त काम करू लागला की तिथला रक्तपुरवठा वाढतो आणि रक्तातल्या ऑक्सिजनचे प्रमाण बदलते. त्या बदलामुळे चुंबकीय संकेतात किंचित फरक पडतो. सेइजी ओगावा यांनी १९९० साली हे दाखवले आणि त्यावर एफएमआरआय हे तंत्र उभे राहिले. म्हणजे यंत्र रक्तातला फरक टिपते. मग संगणक हजारो बिंदूंची तुलना करतो, ज्या ठिकाणी फरक पुरेसा मोठा आहे तिथे रंग भरतो. रंग माणसाने ठरवलेला असतो. कितीला 'पुरेसा' म्हणायचे, तेही माणसानेच ठरवलेले असते.

१९९१ साली पीईटी स्कॅन वापरून दोन गटांनी दाखवले की उष्णतेचा चटका दिल्यावर मेंदूत एक नव्हे, अनेक जागा सक्रिय होतात. १९९७ साली रेनव्हिल आणि सहकाऱ्यांनी संमोहनाचा उपयोग करून, वेदना तेवढीच ठेवून तिचा त्रास कमी-जास्त केला, आणि त्यासोबत मेंदूचा एक विशिष्ट भाग बदलतो हे दाखवले. मग २००३ साली तो अभ्यास आला, ज्यावरून आपली पोस्ट निघाली आहे. नाओमी आयझेनबर्गर आणि सहकाऱ्यांनी स्कॅनरमध्ये झोपलेल्यांना संगणकावर चेंडू फेकण्याचा खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीचे खेळाडू त्यांना चेंडू देईनासे झाले. वगळले गेल्यावर मेंदूचा जो भाग सक्रिय झाला, तो शारीरिक वेदनेतही सक्रिय होतो असे आढळले. किती जणांवर हा अभ्यास झाला? तेरा.

तो अभ्यास खोटा नाही. महत्त्वाचा आहे. पण त्याच्यावर आपण केवढा डोलारा उभा केला! मेंदूचा तो भाग फक्त वेदनेसाठी राखून ठेवलेला नाही. लक्ष वेधले गेले, अनपेक्षित काही घडले, तरी तो सक्रिय होतो. २०१३ साली टॉर वेगर आणि सहकाऱ्यांनी ११४ जणांच्या अभ्यासातून शारीरिक वेदनेची एक खूण शोधली. चटका आहे की नुसती ऊब, हे ती ९० टक्क्यांहून अधिक वेळा बरोबर ओळखत होती. त्याच अभ्यासात प्रेमभंग झालेल्यांना जुन्या जोडीदाराचा फोटोही दाखवला होता. ती खूण शारीरिक वेदना आणि नाकारले जाण्याचे दुःख यांत बऱ्याच अंशी फरक करू शकली. म्हणजे दोन्ही दुःखे मेंदूत अगदी एकच आहेत, हे आपल्या पोस्टचे म्हणणे शास्त्रज्ञांनीच पुढे तपासले आणि ते तसे सरळ निघाले नाही.

याहून पुढची गोष्ट. जन्मापासून वेदनाच न जाणवणारी काही थोडी माणसे जगात असतात. २०१६ साली अशा दोघांना स्कॅनरमध्ये ठेवून टोचून पाहिले. ज्याला वेदनेचे जाळे म्हणतात ते त्यांच्याही मेंदूत इतरांसारखेच सक्रिय झाले. वेदना शून्य, चित्र मात्र तेच!

मग उद्या कोणी सांगितले की जातीच्या अपमानाचा आणि जखमेचा नकाशा वेगळा आहे, तर आपण काय म्हणणार? अपमान दुखत नाही असे? ज्या पुराव्यावर आपण आपले दुःख टेकवतो, तो पुरावा निघून गेला की दुःखही निराधार झाल्यासारखे दिसते. म्हणून ही वाट धोक्याची आहे.

आणि वेगरच्या संगणकाला ती खूण शिकवली कोणी? स्कॅनरमध्ये झोपलेल्या माणसांना प्रत्येक चटक्यानंतर विचारले होते, किती दुखले? त्यांनी जे सांगितले त्याच्याशी मेंदूचे चित्र जुळवून संगणक शिकला. म्हणजे या यंत्राच्या मुळाशीही माणसाची साक्षच आहे. साक्षीवरून शिकलेल्या यंत्राला साक्षीदारापेक्षा मोठे कसे मानायचे?

स्कॅनने दिलेलेही मान्य करू

एकतर्फी बोलणे आपल्या चळवळीला शोभत नाही. मेंदूच्या चित्रणाने काही दुर्लक्षितांना खरोखर आधार दिला आहे.

तान्ह्या बाळांचे उदाहरण घ्या. बाळांना वेदना नीट कळतच नाही, या समजुतीने १९८० च्या दशकापर्यंत अनेक ठिकाणी त्यांच्यावर पुरेशी भूल न देता शस्त्रक्रिया होत असत. महूपासून जवळच असलेल्या इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकून ऑक्सफर्डला गेलेले डॉ. कंवलजीत सिंग आनंद यांनी १९८७ साली दाखवले की पुरेसे वेदनाशामक दिले तर बाळाच्या शरीरावरचा ताण कमी होतो आणि प्रकृती सुधारते. २०१५ साली ऑक्सफर्डमध्येच नवजात बाळांच्या मेंदूचे चित्रण झाले. मोठ्यांमध्ये जे वीस भाग सक्रिय झाले, त्यांतले अठरा बाळांमध्येही झाले. बाळाला शब्द नाहीत, तिथे यंत्र त्याच्या बाजूने बोलले.

फायब्रोमायल्जिया या दुखण्याच्या रुग्णांत बायका जास्त. तपासण्यांत काही सापडत नाही म्हणून त्यांना नाटकी ठरवले जाई. २००२ साली दिसले की अंगठ्यावरच्या हलक्या दाबाने त्यांच्या मेंदूत तेवढी हालचाल होते, जेवढी इतरांमध्ये जोराच्या दाबाने होते.

आणि २०२० सालचा एलिझाबेथ लॉझिन यांच्या गटाचा अभ्यास तर आपण अभ्यासवर्गात वाचलाच पाहिजे. सारखाच चटका दिल्यावर काळ्या अमेरिकनांनी इतरांपेक्षा जास्त वेदना सांगितली. जाड कातडीच्या समजुतीच्या बरोबर उलट. चटक्याशी थेट बांधलेली मेंदूतली खूण मात्र सर्व गटांत जवळपास सारखीच होती. फरक होता तो दुसऱ्या जाळ्यात, आणि त्याचा संबंध होता आयुष्यात सोसलेल्या भेदभावाशी, तसेच समोरच्या संशोधकावर किती विश्वास वाटतो याच्याशी. कातडी सारखी, मज्जातंतू सारखे, वेगळे काय तर समाजाने दिलेली वागणूक. आणि भेदभाव किती सोसला हे कळले कसे? तेही विचारूनच.

यंत्र कोर्टात आणि दवाखान्यात येते तेव्हा

वेदनेचा निवाडा करायला स्कॅन वापरावा, असा आग्रह सर्वांत जास्त कोणाचा असेल? नुकसानभरपाई द्यायची ज्यांच्यावर वेळ येते त्यांचा. अमेरिकेत अॅरिझोना राज्यात वितळलेल्या डांबराने हात भाजलेल्या एका ट्रकचालकाच्या खटल्यात स्कॅन त्याच्या बाजूने मांडला गेला आणि पुढे तडजोड होऊन त्याला भरपाई मिळाली. कामगाराला न्याय मिळाला, आनंदच आहे. पण हेच हत्यार उलटे फिरते तेव्हा? स्कॅनमध्ये दिसत नाही, म्हणून तुझे दुखणे खोटे! हा धोका ओळखून वेदनेवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तज्ज्ञगटाने २०१७ साली बजावले की एखाद्या व्यक्तीची वेदना खरी की खोटी हे ठरवण्यासाठी मेंदूचे चित्रण वापरू नये. २०२० साली त्या संघटनेने वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा सोबतच्या टिपांत स्पष्ट लिहिले की वेदना होते असे माणूस सांगत असेल तर त्याच्या सांगण्याचा आदर झाला पाहिजे.

आपल्याकडेही मेंदूचे यंत्र कोर्टात येऊन गेले आहे, वेदनेसाठी नव्हे, गुन्ह्यासाठी. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका खून खटल्यात आरोपीच्या मेंदूच्या विद्युतलहरींच्या चाचणीचा आधार शिक्षेसाठी घेतला आणि जगभर चर्चा झाली. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात निकाल दिला : नार्को, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या अशा चाचण्या कोणावरही सक्तीने करता येणार नाहीत. आधार होता संविधानाचे कलम २०(३). माणसाच्या डोक्यात यंत्र घुसवण्याआधी त्या माणसाची परवानगी लागते, हे बाबासाहेबांच्या संविधानाने सांगितले.

पण आपल्या बाबतीत अविश्वास दाखवायला यंत्राची गरजच पडत नाही. २० मार्च २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आठवा. आपल्याच कराडमधून गेलेल्या प्रकरणात अॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवण्यापूर्वी प्राथमिक चौकशी आणि अटकेपूर्वी मंजुरी, अशा अटी घातल्या गेल्या. इतर गुन्ह्यात फिर्यादीचा शब्द आधी लिहून घेतात. इथे मात्र आधी शंका, मग शब्द. २ एप्रिलला देशभर बंद झाला, ऑगस्टमध्ये संसदेने कायदा दुरुस्त केला आणि १ ऑक्टोबर २०१९ रोजी न्यायालयाने ते निर्देश मागे घेतले. दलित-आदिवासी खोट्या तक्रारीच करतात असे गृहीत धरणे मानवी प्रतिष्ठेविरुद्ध आहे, ही गोष्ट न्यायालयाला त्या वेळी म्हणावी लागली. ती कोणत्या स्कॅनमुळे म्हणावी लागली नाही. लोक रस्त्यावर आले, काहींचे प्राण गेले, तेव्हा ती म्हटली गेली.

यंत्रे आल्यावर दवाखान्यात तरी काय बदलले? अटलांटातील एका रुग्णालयाच्या नोंदींचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. हाडे मोडून आलेल्या गोऱ्या रुग्णांपैकी ७४ टक्क्यांना वेदनाशामक मिळाले, काळ्यांपैकी ५७ टक्क्यांना. केसपेपरवर दोघांच्याही वेदनेची नोंद सारखीच होती! २०१६ साली व्हर्जिनिया विद्यापीठातील गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना आणि निवासी डॉक्टरांना विचारले, तेव्हा सुमारे निम्म्यांनी काळ्यांच्या शरीराविषयीचा एक तरी खोटा समज खरा मानला. जाड कातडीचा समजही त्यांत होताच. असे समज बाळगणाऱ्यांनी काळ्या रुग्णाची वेदना कमी आकली आणि उपचारही कमी योग्य सुचवले. मोझलीच्या पुस्तकाला तेव्हा सव्वादोनशे वर्षे उलटून गेली होती. एफएमआरआय येऊनही पंचवीस वर्षे झाली होती.

म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाला आमचे उत्तर असे : आजीला दुखत होते. तिने ते सांगितलेही होते. मुक्ता साळवेने लिहून ठेवले, जॉन ब्राउनने छापून आणले. पुराव्याची कमतरता कधीच नव्हती.

आपण काय करायचे?

'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात बाबासाहेब म्हणतात की बुद्धाने सांगितलेल्या दुःखाच्या जागी शोषण हा शब्द ठेवून वाचले तर बुद्ध मार्क्सपासून दूर नाही. दुःखाचे कारण माणसामाणसांतल्या व्यवहारात शोधा, हा त्याचा अर्थ आम्ही घेतो. स्कॅनर मार खाणाऱ्याच्या डोक्यात पाहतो. मारणारा हात त्या चित्रात कुठेच नसतो. चर्चा मेंदूवर आली की जातीवरून हटते, उपाय गोळीत शोधला जातो आणि गावातली विहीर, कंपनीतला ठेकेदार, वसतिगृहातला टोमणा जिथल्या तिथे राहतात.

तेव्हा ती पोस्ट पुढे पाठवणे थांबवू. अपमान दुखतो हे सांगायला आपल्याला तेरा जणांच्या खेळाचा आधार नको. लॉझिन यांच्यासारखे अभ्यास मात्र जरूर वाचू, त्यांत काय आहे आणि काय नाही हे नेमके सांगू. जाती आणि वेदना यांवर आपल्या मुलामुलींनी स्वतः संशोधन करावे, प्रश्न त्यांनी ठरवावेत.

रोजच्या कामातही दोन गोष्टी धरू. दवाखान्यात सोबत जाल तेव्हा केसपेपरवर रुग्णाचे शब्द लिहायला लावा. ठणका कधी, चमक कशाने, कोणते काम होत नाही. पुढे भरपाईचा प्रश्न आला तर हाच कागद उपयोगी पडतो. पोलीस ठाण्यात जाल तेव्हा फिर्यादीचा जबाब तिच्या बोलीत, तिच्या शब्दांत लिहिला गेला आहे ना, हे सहीपूर्वी वाचून घ्या. अॅट्रॉसिटी कायद्याचे कलम १५अ पाठ असू द्या. जामिनापासून शिक्षेपर्यंत प्रत्येक टप्प्यावर पीडिताला आपले म्हणणे मांडण्याचा हक्क त्यात आहे, आणि कामकाजाच्या चित्रीकरणाची तरतूदही आहे. चित्रण हवेच असेल तर ते आधी मागू या.

त्या कार्यकर्त्याच्या आईला घेऊन आम्ही परत त्याच दवाखान्यात गेलो. या वेळी तिच्याशेजारी उभे राहिलो आणि डॉक्टर लिहीपर्यंत हललो नाही. केसपेपरवर पाच ओळी आल्या.

जयभीम!